औषधाची सूट

सांगली
१३ जुलै २०२५

प्रिय अंजना,
सप्रेम नमस्कार.

फोन मुद्दामच केला नाही. फोन जवळ नेला की तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि तू चिडून फोन ठेवतेस. चाळीस वर्षं खेळाच्या तासाला मुलींवर शिट्ट्या मारल्यास, आता ते यंत्र तुझ्यावर मारतंय, त्याला मी काय करू? म्हणून हे पत्र.

माझ्या नातीचं, ब्राह्मीचं लिहायचं आहे. २४ जूनला शाळेत प्रार्थना चालू असताना ती उभीच्या उभी कोसळली. हातपाय ताठ, दातखीळ, डोळे पांढरे. दोन-तीन मिनिटांत शांत झाली आणि मग तासभर झोपली. चार दिवसांनी घरी, पोह्यांची बशी हातात असताना, पुन्हा तेच. मिरजेच्या डॉक्टरांनी डोक्याला तारा लावून आलेख काढला आणि सांगितलं की अपस्मार आहे. सकाळी आठला एक गोळी, रात्री आठला एक, निदान दोन-तीन वर्षं. वेळ चुकवायची नाही म्हणाले.

शाळेत आम्ही अशक्तपणा म्हणून सांगितलंय. गल्लीत तर काहीच नाही. मुलीची जात आहे, तुला कळतं. झोप पुरी व्हायला हवी म्हणून सुनेने तिचा फोन काढून घेतला, तर ही आठवडाभर आमच्याशी बोलली नाही.

आता मुद्दा. ती शाळेच्या खो-खो संघात आहे आणि नोव्हेंबरात साताऱ्याला विभागाचे सामने आहेत. डॉक्टरांनी खेळ नको म्हटलंय. ती आमचं ऐकत नाही. पण तुझं ऐकेल. ती दहा वर्षांची असताना तू आमच्या अंगणात तिला पळायला लावून "हे पाय खो-खोचे आहेत" म्हणाली होतीस. तेव्हापासून डोक्यात तेच घेऊन बसलीय. तू घातलंस, तूच काढ.

तुझी,
कस्तुरी


सातारा
१९ जुलै

चि. ब्राह्मी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आजीचं पत्र आलं. आजार कळला. घाबरायचं कारण नाही. गोळ्या वेळेवर घेत जा.

खो-खोबद्दल लिहायचं आहे. मी आयुष्यभर मुलींना खेळवलं, तेव्हा मी सांगते त्याला थोडं वजन असावं. हे वर्ष सोडून दे. दहावीही आहे. संघाला गुण लिहिणारी, वेळ धरणारी माणसंही लागतात. ते काम शांत डोक्याच्या मुलीचं असतं आणि मैदान सुटत नाही. खेळ म्हणजे सगळं आयुष्य नव्हे.

तुला हे आवडणार नाही, हे मला माहीत आहे. पण मोठी माणसं तुझ्या भल्याचंच सांगतात.

तुझी,
अंजनाआजी


सांगली
२५ जुलै

ती. अंजनाआजी,
नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण मला वाटलं ते दुसऱ्या कुणीतरी लिहून तुमची सही केलीय. "खेळ म्हणजे सगळं आयुष्य नव्हे" हे आमच्या गणिताच्या सरांचं वाक्य आहे. तुम्ही मला एकदा म्हणाला होतात, सूर मारताना जमिनीची भीती वाटली तर खेळ सोड आणि भरतकाम शिक. ते म्हणणाऱ्या आजी कुठे गेल्या?

आणि डॉक्टरांनी खेळ नको म्हटलेलं नाही. मी तिथेच बसले होते. ते म्हणाले, विहिरीत पोहायचं नाही, गाडी चालवायची नाही, उंचावर चढायचं नाही. मी विचारलं, खो-खो? ते म्हणाले, आधी फिट थांबू देत, काही महिने एकही आली नाही तर खेळ, पण सोबतच्यांना माहीत पाहिजे. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत आजीने खो-खो पहिल्या यादीत घातला आणि "सोबतच्यांना माहीत पाहिजे" हे तर कुणाला ऐकूच आलं नाही.

मला फिट येते तेव्हा मला काहीच कळत नाही. आधी तोंडात नाणं ठेवल्यासारखी चव येते, एवढंच. त्यानंतर मी उठते तेव्हा सगळे माझ्याकडे बघत असतात आणि मग नजर फिरवतात. मला फिटीपेक्षा ते नजर फिरवणं नको वाटतं. तुम्हीही पत्रात तेच केलंत. "आजार कळला. घाबरायचं कारण नाही." झालं.

उद्धट लिहिलंय. पण पाठवतेय.

ब्राह्मी


सातारा
२ ऑगस्ट

चि. ब्राह्मी,

तुझं पत्र टेबलावर चार दिवस पडून होतं. उद्धटपणा मला चालतो. खोटं चालत नाही, आणि तू म्हणतेस ते खोटं नाही, म्हणून उत्तराला उशीर झाला.

एक गोष्ट सांगते. कस्तुरीलाही ती ठाऊक नाही.

१९८५ साली मी खटाव तालुक्यात एका शाळेत नवी खेळशिक्षिका होते. आठवीत सुला नावाची मुलगी होती, औंधची. तिच्याइतकी चपळ मुलगी मी नंतर पाहिली नाही. खांबाला वळसा घालायची तेव्हा तिचा हात खांबाला लागलाय की नाही तेही कळायचं नाही. एका संध्याकाळी सराव चालू असताना ती पडली. तुला येते तशीच फिट. आमच्याकडे त्याला फेफरं म्हणायचे. मी पळत गेले. मैदानावर चुन्याच्या रेघा ओढायला डब्यात एक लोखंडी पळी असायची. जीभ चावली जाऊ नये म्हणून मी तिचा दांडा सुलाच्या दातांत घातला. तेव्हा सगळे तेच करत. दातखीळ सुटेना म्हणून मी जोर लावला. तिचे पुढचे दोन दात पडले.

मुख्याध्यापकांनी प्रार्थनेत सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, बाईंनी प्रसंगावधान राखून मुलीचा जीव वाचवला म्हणून. मी ते ऐकून घेतलं. त्याच दिवशी संघाची यादी फळ्यावर होती. मी सुलाचं नाव पुसलं. तिच्या भल्यासाठी. पंधरा दिवसांनी तिचं शाळेत येणं बंद झालं. मी चौकशी केली नाही.

पुढे एका शिबिरात डॉक्टरांनी सांगितलं की फिट आलेल्याच्या तोंडात काहीही घालायचं नसतं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना. एवढंच. मी वहीत लिहून घेतलं, दरवर्षी मुलींना शिकवलं. सुला औंधलाच असते हे मला ठाऊक होतं. मी एकदाही गेले नाही.

मागचं पत्र मी त्याच सवयीने लिहिलं. ते फाडून टाक. खेळायचं की नाही हे डॉक्टरांचं आणि तुझं काम आहे, माझं आणि कस्तुरीचं नाही. पण त्यासाठी फिट थांबल्या पाहिजेत. त्यानंतर आली का पुन्हा?

अंजनाआजी


सांगली
९ ऑगस्ट

ती. अंजनाआजी,

आली. २१ जुलैला एक आणि परवा एक. डॉक्टरांनी गोळी वाढवली. सकाळी मला आता वर्गात पेंग येते. पुढच्या वेळी दुसरी गोळी जोडू म्हणाले. आई रडली. ती मी झोपल्यावर रडते, पण आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत.

तुम्ही मला तुमचं सांगितलंत, म्हणून मी माझं सांगते. कुणाला सांगायचं नाही. आजीला तर अजिबात नाही.

मी रात्रीची गोळी घेत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या जैन मंदिराचं शिबिर होतं. तिथे साध्वी माताजी आल्या होत्या. मी त्यांच्याकडे दोन वर्षांचा नियम घेतला, सूर्य मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. घरी आम्ही सगळे दिवसाउजेडीच जेवतो, पण रात्री पाणी पितात. माझा नियम पाण्याचाही. घरी सांगितलं नाही, कारण आजी अख्ख्या गल्लीला सांगत सुटली असती आणि मग मंदिरात सगळ्या बायका माझे गाल ओढत बसल्या असत्या. नियम माझा होता. मी एकटीने घेतलेली ती पहिली गोष्ट होती.

तेव्हा मला काही झालेलं नव्हतं. आता रात्री आठची गोळी. आई पाण्याचा पेला आणि गोळी देते, मी गोळी गालात धरते, पेला ओठांना लावते आणि बाथरूममध्ये जाऊन काढून ठेवते. बऱ्याचशा गोळ्या कंपासपेटीत आहेत. कचऱ्यात टाकल्या तर आईला दिसतील.

मला कळतं की हा मूर्खपणा आहे. पण आजी, माझं डोकं माझ्या ताब्यात नाही, अंग नाही, फोन नाही, खेळ नाही. नियम तेवढा माझ्या ताब्यात आहे. तो मोडला तर काय उरलं?

तुमची,
ब्राह्मी


सातारा
१४ ऑगस्ट

ब्राह्मी,

पत्र हातात पडेल त्या रात्री गोळी घे. बाकी सगळं नंतर.

तुझा धर्म मला कळत नाही, त्यात मी पडत नाही. वसतिगृहात कस्तुरीबरोबर दोन वर्षं एका खोलीत राहिले, तिने मला रात्री चोरून शेंगदाणे खाताना पाहिलं आणि एक शब्द बोलली नाही, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. पण आकडेमोड मला येते. डॉक्टर समजतात तू दोन गोळ्या घेतेस, तू घेतेस एक. त्यांना वाटतं औषध लागू पडत नाही, म्हणून ते वाढवतात. ते आंधळेपणाने खेळतायत आणि डोळ्यांवर पट्टी तू बांधली आहेस.

हे मी आजच्या आज कस्तुरीला कळवू शकते. कळवणार नाही. तू स्वतः घेतलेली पहिली गोष्ट होती म्हणतेस, तर ती सोडवायचीही तूच. पत्र मिळाल्यापासून आठ दिवस देते. आठ दिवसांत आजीला सांग. नाही सांगितलंस तर नवव्या दिवशी मी सांगीन.

अंजनाआजी


सांगली
२६ ऑगस्ट

अंजना,

परवा रविवारी ब्राह्मी मैदानावर पडली. शाळेत अशक्तपणा सांगितलेला, त्यामुळे खो-खोचे जयराज सर तिला थोडं थोडं खेळवत होते आणि ती आम्हाला जादा तासाला जाते सांगून जात होती. खांबाला वळसा घालताना फिट आली. हनुवटीला चार टाके पडले.

सर फाटकापाशी कुणाशी बोलत होते. मुलींना काही माहीत नव्हतं. एकीने चप्पल हुंगवली, एकीने मुठीत किल्ल्या कोंबल्या, तिसरीने तोंडावर बाटली ओतली. त्यांची कॅप्टन सृष्टी दातांत घालायला पट्टी शोधायला लागली आणि तिने ब्राह्मीची कंपासपेटी उघडली. पट्टी प्लॅस्टिकची होती, दातांत गेली आणि मोडली म्हणून दात वाचले. पेटीतून पट्टीबरोबर गोळ्या सांडल्या. सत्तेचाळीस. सृष्टीने त्या एकेक करून मातीतून वेचल्या आणि माझ्या हातात आणून दिल्या.

ब्राह्मी दोन दिवस तोंड उघडेना. काल सून तिचं दप्तर आवरत होती, त्यात तुझं १४ तारखेचं पत्र सापडलं. "पत्र मिळाल्यापासून आठ दिवस देते." पत्र तिला १८ला मिळालं. सहाव्या दिवशी ती पडली.

तुला ठाऊक होतं, अंजना. माझी नात निम्मं औषध घेते हे तुला ठाऊक होतं आणि तू तिला मुदत दिलीस. ती काय शाळेतली सहामाही होती? रस्त्यात पडली असती तर? जिन्यावर असती तर?

आणि नियमाचं. नियम घेताना औषधाची सूट ठेवतात. आमच्या घरातल्या लहान पोरालाही हे माहीत असतं. ती उत्साहात विसरली असेल, तर माताजींकडे जाऊन सांगायचं, त्या सूट देतात, प्रायश्चित्त म्हणून एखादी माळ जपायला सांगतात. दहा मिनिटांचं काम. मला एका शब्दाने विचारलं असतं तर! ज्या एका माणसाला ह्यातलं कळतं, त्या माणसापासून तुम्ही दोघींनी लपवलं.

पुढे पत्र लिहू नकोस तिला.

कस्तुरी


सातारा
३० ऑगस्ट

कस्तुरी,

तुझं बरोबर आहे. मी त्याच दिवशी तुला कळवायला हवं होतं. मला वाटलं, मी मुलीला जबाबदारी शिकवतेय. चांगली शिक्षिका असल्याची हौस मला फार महागात पडते, आणि दर वेळी किंमत मुलगी देते. ह्याआधीही एकदा दिली आहे. ते तुला ब्राह्मी सांगेल, तिला मी परवानगी देते. मला माफ कर असं लिहिण्याची मला लाज वाटते, तरी लिहिते.

एवढंच लिहून थांबणार होते. पण आपण दोघी म्हाताऱ्या झालो, आता नाही लिहिलं तर कधी लिहिणार?

डॉक्टरांनी खो-खो बंद केलेलाच नव्हता. तू मला खोटं लिहिलंस. आणि शाळेला खरं सांगितलं असतंस, तर सरांनी तिला मैदानावर उतरवलं नसतं आणि मुलींनी चप्पल हुंगवली नसती. तिने तुझ्यापासून लपवलं, मी लपवलं, तू सगळ्या गावापासून लपवलंस. ह्यात ती एकटी कशी चुकली, ते मला सांग.

ह्याचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

अंजना


सांगली
९ सप्टेंबर

ती. अंजनाआजी,
नमस्कार.

हे पत्र आजीला विचारून लिहितेय. तिने "लिही" म्हटलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली, म्हणजे अजून थोडा राग आहे.

खूप सांगायचं आहे. पर्युषणात आजी मला माताजींकडे घेऊन गेली. मला वाटलं माताजी रागावतील. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "नियम घेताना मी तुला औषधाचं विचारलं नव्हतं का?" मी म्हटलं, विचारलं होतं, पण मी म्हणाले होते, मला काही होत नाही, सूट नको. मला ते तोंडाने सांगेपर्यंत आठवतच नव्हतं! माताजी हसल्या. म्हणाल्या, "तेव्हा नव्हती लागत, आता लागते. औषध आणि त्याच्यापुरतं पाणी. नियम चालू राहील." रोज एक माळ जास्त. झालं, बाई. दहा मिनिटंही लागली नाहीत, आजी परतताना रिक्षात तीनदा म्हणाली.

त्या रात्री आठ वाजता मी आजीसमोर गोळी घेतली. चार घोट पाणी. आजी मोजत होती. मग तिने माझं डोकं मांडीवर घेतलं. मी म्हटलं, आजी, मी तुला सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "मी विचारायला हवं होतं."

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते आधी कपाळाला हात लावून बसले, मग गोळी पुन्हा पहिल्याएवढी केली. ऑक्टोबर संपेपर्यंत एकही फिट आली नाही तर सामने खेळायला हरकत नाही. आली तर बाकावर. मी कबूल केलंय.

आजी आणि आई शाळेत गेल्या आणि मुख्याध्यापिकांना आजाराचं खरं नाव सांगितलं. जयराज सरांनी संघाला मैदानावर बसवलं आणि म्हणाले, बोल. मी उभी राहून सांगितलं. कुशीवर, डोक्याखाली दप्तर, तोंडात काही नाही, घड्याळ. सृष्टी रडायला लागली. म्हणाली, "मी पट्टी घातली तुझ्या तोंडात." मी म्हटलं, तुझ्यामुळंच तर गोळ्या सापडल्या. मग सगळ्यांनी माझ्यावर सराव केला. मी नऊ वेळा पडले. कुणी नजर फिरवली नाही, उलट कोण नीट वळवते यावर भांडणं झाली.

आता तुमचं. परवा आमची क्षमावाणी झाली. त्या दिवशी आम्ही वर्षभरात ज्याला दुखावलं त्याची क्षमा मागतो. आजी दूधवाल्याचीसुद्धा मागते. तुम्हाला दरवर्षी तिचं कार्ड येतं ना? ती म्हणते, तुम्ही त्याच्या मागे वाणसामानाची यादी करता. ह्या वर्षीचं कार्ड तिने दोन दिवस हातात धरलं आणि काल टपालपेटीत टाकलं. तेव्हा मिळेल.

तुम्ही मला आठ दिवस दिले होते. मी तुम्हाला आठ दिवस देते. औंधला जा. सुलाबाईंना सांगा. नाही गेलात तर नवव्या दिवशी मी जाईन. साताऱ्याला येणारच आहे नोव्हेंबरात, औंध काय लांब आहे?

तुमची,
ब्राह्मी


सांगली
२३ सप्टेंबर

ती. आजी,
आठ दिवस होऊन गेले.
ब्राह्मी


सातारा
२९ सप्टेंबर

चि. ब्राह्मी,

गुडघा दुखतो आहे. पाऊसही आहे. कस्तुरीचं कार्ड मिळालं, त्याच्या मागे ह्या वेळी काही लिहिलं नाही.

अंजनाआजी


सांगली
६ ऑक्टोबर

ती. आजी,
औंधला पाऊस नाही. सरांच्या फोनवर बघितलं. गुडघा एसटीत बसल्यावर दुखत नाही.
माझे त्रेचाळीस दिवस झाले. एकही नाही.
ब्राह्मी


सातारा
३ नोव्हेंबर

चि. ब्राह्मी,
अनेक आशीर्वाद.

कस्तुरीने कळवलं की डॉक्टरांनी परवानगी दिली आणि यादीत तुझं नाव लागलं. मला फार आनंद झाला. घरात कुणी नव्हतं म्हणून मोठ्याने ओरडले, तर खालच्या मजल्यावरचे वर आले.

काल औंधला जाऊन आले. आठ दिवसांचे पंचावन्न झाले. गुडघा खोटा होता, हे तुला कळलंच होतं. मी घाबरले होते. एसटी स्टँडच्या फाटकापर्यंत जाऊन दोनदा परतले.

यमाईच्या डोंगराच्या पायथ्याला सुलाचं ओटीच्या सामानाचं दुकान आहे. खण, नारळ, बांगड्या. मी रस्त्यापलीकडे उभी राहिले. तिने मान वर केली आणि म्हणाली, "बाई, चालण्यावरनंच वळखलं. म्हनलं, ह्या आता शिट्टी फुकत्यात." आणि हसली. पुढचे दोन दात बाकीच्यांहून पांढरे आहेत.

तिने स्टूल दिलं. मी पाठ करून नेलेलं सगळं विसरले. नुसतं म्हटलं, तुझे दात मी पाडले, सुला, आणि लोकांनी माझं कौतुक केलं ते मी ऐकून घेतलं.

ती खणात नारळ बांधत होती, ते तिने थांबवलं नाही. म्हणाली, "दाताचं काय न्हाई वो. बसवलं कवाच. तुमी काय वाईटासाठी केलं न्हाई, तवा कुनालाच ठावं नव्हतं." मला वाटलं, सुटले. मग ती म्हणाली, "पर फळ्यावरनं नाव पुसलं, तवा मी दारातच हुती. पुसायच्या आदी मला इचारायचं तरी. मी म्हनले असते, बाई, बसून ऱ्हाते, पर नाव ऱ्हाऊ द्या."

मी म्हटलं, माझं चुकलं.

"व्हय," ती म्हणाली. "चुकलं."

एक गिऱ्हाईक आलं, ओटी घेऊन गेलं. मग तिने चहा सांगितला. तिला अकरा वर्षांत फिट आलेली नाही. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणते. लग्नाआधी नवऱ्याला तिने स्वतः सांगितलं होतं, आई नको म्हणत असताना. "लपवून किती दिस लपवनार?" म्हणाली. नवरा हिशेबाला कच्चा आहे, एरवी माणूस चांगला आहे.

मी तुझं सगळं सांगितलं, टाक्यांपासून कंपासपेटीपर्यंत. गोळ्यांचं ऐकून तिने जीभ चावली. मग विचारलं, "खांबाला वळसा घालताना हात लावती का?" मी म्हटलं, मला माहीत नाही, पाच वर्षांत पाहिलेलं नाही. म्हणाली, "मग काय सांगताय पाय खो-खोचं हायत म्हनून!" पंधरा तारखेला ती दुकान बंद ठेवून सामन्याला येणार आहे. यात्रा सोडून ती दुकान कधी बंद ठेवत नाही, असं शेजारणीने मला मुद्दाम सांगितलं.

आम्ही दोघी खांबाजवळ बसू. कस्तुरीलाही तिथेच बसव, तिची सुलाशी भेट घालून द्यायची आहे. आणि तू पडलीस तर घाबरू नकोस. पडलीस तर पडलीस, यादीतलं नाव यादीतच राहील, जयराज सरांना मी तसं पत्र लिहिलंय.

निघताना राहवेना म्हणून मी सुलालाही सगळं समजावून सांगितलं. मुलगी पडली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. तिने मान डोलवत, आठवीत ऐकायची तसं, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"बाई, मला सांगताय व्हय?"

तुझी,
अंजनाआजी